बोर्डापुढं चालून दाखवताना

आबा, उद्या मला पुन्हा चालून दाखवायला बोलावलंय. निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलं असताना. काही धडधाकट लोकांनी अपंगत्वाची खोटी सर्टिफिकेटं काढून राखीव जागा बळकावल्या म्हणे, म्हणून आता राखीव जागेवरच्या आम्हा सगळ्यांचीच नव्यानं तपासणी निघाली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणजे मी अगदी धुतल्या तांदळासारखी आहे असं नाही, ते पुढं सांगतेच. पण नोटीस हातात पडली तेव्हा माझं डोकं फिरलं. माझ्या जुन्या सर्टिफिकेटवर 'कायमस्वरूपी' असं ठसठशीत लिहिलेलं आहे. मी आमच्या साहेबांना विचारलं, "पाय कायमचा गेला असं तुमच्याच बोर्डानं लिहून दिलंय, मग तो परत कधी आला?" साहेब माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान. ते म्हणाले, "मॅडम, वरून आदेश आहे." तीन डॉक्टरांचं बोर्ड बसणार. अपंगत्व चाळीस टक्के किंवा वर भरलं तर नोकरी आणि पेन्शन शाबूत, चाळीसच्या आत आलं तर चौकशी. पस्तीसेक वर्षांची नोकरी दहा पावलांवर टांगली आहे, आबा. आणि ती दहा पावलं टाकायला मला पहिल्यांदा तुम्हीच शिकवलं होतं.

मला ताप आला तेव्हा आपलं बिऱ्हाड मेंढरांमागं होतं, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलंत. मी दीड वर्षाची. पावसाळा संपला की पडेगाव सोडायचं आणि लोकांच्या शेतात मेंढरं बसवत रानोरान हिंडायचं, असा आपला शिरस्ता. तापाच्या तिसऱ्या दिवशी डावा पाय लुळा पडला आणि दवाखाना दोन मुक्काम मागं राहिला होता. लस, डोस ही नावंही तेव्हा आपल्याकडं कुणी ऐकली नव्हती. देवी टोचायला बाई यायची, ती गावातल्या घराघरांत. सरकार दारोदारी पोचतं असं प्रत्येक योजनेच्या कागदावर लिहिलेलं असतं. ज्यांना दारच नाही त्यांच्याकडं ते कुठून येणार? तुम्ही मात्र सगळा दोष स्वतःच्या अंगाला लावून घेतलात. 'म्या मुक्काम हलवायलाच नको होता,' एवढं एकच वाक्य तुम्ही आयुष्यभर चघळत राहिलात. मला त्याचा राग यायचा. पाय माझा गेला होता आणि हळहळ सगळी तुमच्या वाट्याला.

गावानं मला लंगडी म्हणायला सुरुवात केली. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, जसं काळ्या कुत्र्याला काळ्या म्हणावं तसं. तुम्ही एकट्यानं तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. मी मोठी होत गेले तसतसे शहराभोवती कारखाने उभे राहत गेले. आपण जिथं मेंढरं चारायचो त्या माळाला तारेचं कुंपण पडलं आणि तुम्ही आपला कळप काकांच्या हवाली करून त्याच कुंपणाच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभे राहिलात. अंगात खाकी आणि हातात काठी मात्र तीच, मेंढरांमागची. ट्रक आत सोडताना तुम्ही तोंडानं मेंढरं हाकल्यासारखा आवाज काढता, अशी कामगार तुमची चेष्टा करायचे. तुम्हीही हसायचात. पण कुणी माझ्या चालण्यावर हसलं की तुमची काठी जमिनीवर आपटायची.

मी दहावी झाले, औरंगपुऱ्यात टायपिंग शिकले, आणि एका सरकारी आरोग्य कचेरीत पायानं अधू असलेल्या उमेदवारासाठी कारकुनाची एक जागा निघाली. त्याच सुमारास काकांनी अजिंठ्याकडचं एक स्थळ आणलं. बिजवर, तीन लेकरांचा बाप. पोरीत उणं आहे तर सोबत वीस मेंढरं द्या, असं त्यानं निरोपात कळवलं होतं. काकांचं म्हणणं असं की चैत्रापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर बार उडवायचा. तुम्ही हो म्हणालात. मला तुमचा हो ऐकू आला होता, मी चुलीपाशी भाकरी थापत होते आणि ती भाकरी माझ्या हातातच फाटली. नोकरीसाठी एकच कागद कमी होता, अपंगत्वाचं सर्टिफिकेट.

मी तुम्हाला सांगितलं की डॉक्टर मला बघणार, चालायला लावणार, आणि त्यावरून कागद देणार. पाय जितका अधू तितकी टक्केवारी जास्त, हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, त्यात सांगायचं काय? पण तुमच्या जगात चार लोकांनी बघून, चालायला लावून किंमत ठरवायची जागा एकच होती, आणि ती म्हणजे आठवड्याचा बाजार. खोड असलेलं जनावर बाजारात न्यायचं तर आधी काय काय करायचं ते तुम्हाला पाठ होतं. महिनाभर तुम्ही माझ्यावर ते सगळं केलंत. रोज सकाळी ड्युटीवरून आलात की करडीच्या तेलानं पाय चोळायचात. अंगणातल्या धुळीत काठीनं रेघ ओढायची आणि मला तिच्यावरून चालवायचं. "मान वर. खाली बघितलं की गिऱ्हाइकाला खोड कळती." औरंगपुऱ्यातल्या मोच्याकडून डाव्या चपलेला दोन जादा तळ बसवून आणलेत, म्हणजे आखूड पाय आखूड दिसायला नको. आई म्हणाली, "पोरगी काय बाजारात उभी करायचीय का?" तुम्ही म्हणालात, "बाजारच हाय तो." त्या चपला मला इतक्या आवडल्या होत्या की मी त्या उशाशी घेऊन निजायचे. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही खांदे एका पातळीत आले होते.

बोर्डाच्या दिवशी शहर बंद होतं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते, त्याच्या उलट मोर्चेही निघत होते, एस.टी. डेपोतच उभी. दौलताबादकडून पेरू घेऊन येणाऱ्या एका टेम्पोत तुम्ही मला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलंत आणि स्वतः मागं टोपल्यांवर बसलात. दवाखान्यात पोचल्यावरही लगेच वर नेलं नाही. झाडाखाली बसवलंत, पाणी पाजलंत, पाय दाबून दिलात. "जनावर दमलेलं असताना कधी दाखवू नये." मग आपण जिना चढलो. अधू लोकांना तपासणारं बोर्ड वरच्या मजल्यावर बसायचं, हा सरकारचा विनोद तेव्हाही होता. तुम्ही हात द्यायला पुढं आला नाहीत, उलट दोन पायऱ्या मागं राहिलात, माझी चाल निरखत.

वर रांगेत आपल्यापुढं एक तरुण बाकावर पाय लांब करून बसला होता. मोर्चात लाठी बसून त्याचा गुडघा फुटला होता, आणि तो तसाच वाकडा जुळला होता. तो माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "ताई, फार ताठ चालू नको. जशी चालतीस तशी चाल. आपण हक्काचा कागद घ्यायला आलोय, नवरी दाखवायला नाय." तुम्हाला ते झोंबलं. आपल्या वस्तीवर सगळे नामांतराच्या विरोधातच बोलायचे, तुम्हीही. तुम्ही त्याला म्हणालात, "तुमचं आपलं एकच चालू हाय. नाव बदलून काय पोट भरतंय का रं?"

तो रागावला नाही. म्हणाला, "मामा, तुमच्या पोरीला गावात काय म्हणून हाक मारतात?"

तुम्ही माझ्या चपलांकडं बघितलंत. तो म्हणाला, "मग? पोट तर तिचं तसं बी भरतंयच की."

मला ते वाक्य जन्मभर पुरलं. पण त्या वेळी तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "त्याचं ऐकू नको. मान वर." आणि मी तुमचं ऐकलं.

आत तीन डॉक्टर होते. मधल्यानं वर न बघताच विचारलं, "जिना चढून आलीस?" मी म्हणाले, "व्हय." "कुणी धरलं होतं?" "नाय." माझ्या आवाजात ऐट होती, खोटं कशाला बोलू. त्यानं सांगितलं तशी मी दहा पावलं गेले, दहा पावलं आले. फरशीवर तुमची रेघ मला दिसत होती. त्याच्या गळ्यात मोजायची टेप होती, ती त्यानं काढलीही नाही. चपला काढ म्हणाला नाही. नुसतं म्हणाला, "छान चालतेस की!" घराबाहेरच्या माणसानं माझ्या चालण्याला छान म्हटल्याची ती पहिली वेळ. मी लाजले, आबा. मी लाजत असतानाच त्याचं पेन चाललं आणि माझी नोकरी गेली.

बाहेर खिडकीतल्या कारकुनानं कागद पुढं सरकवला आणि म्हणाला, "चाळीसच्या आत आहे." तुम्ही विचारलंत, "शंभरात?" तो हो म्हणाला. "म्हंजे माझी पोर निम्मी बी लंगडी नाय!" सगळी रांग आपल्याकडं बघायला लागली. तो शब्द तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा तेव्हाच ऐकला, आणि तोही तुम्ही तो पुसून टाकायला म्हणून उच्चारला होतात. अर्धं शटर उघडलेल्या एका दुकानातून तुम्ही पावशेर पेढे घेतलेत. वस्तीवर घरोघर वाटलेत. सरकारी डॉक्टरनं लिहून दिलंय, म्हणून. लोक पेढा खाऊन माझ्या पायाकडं बघत होते. मी तीन दिवस तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी काकांनी विचारलं, "मग रुजू कधी व्हायचं?" तेव्हा सांगावं लागलं की चाळीसच्या आत म्हणजे नापास. तुम्ही उठलात. अंगात खाकी घातलीत आणि पाळी नसताना कंपनीच्या फाटकावर जाऊन उभे राहिलात.

त्यानंतरचं आपलं भांडण तुम्हाला आठवत असेल. मी म्हणाले, पुन्हा अर्ज करते, आणि या वेळी तेल नको, रेघ नको, चपला नकोत. तुमचा आवाज चढला. "मग काय लंगडून दाखवनार व्हय? माझी पोर? भीकच मागायची तर सरळ कटोरा घे ना हातात!" मी तुम्हाला कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "भीक नाय आबा. माझा पाय गेलाय. तो कुठं गेला ते इचारायला तरी सरकारच्या दारात जाऊ द्या मला." तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत आणि मी नऊ दिवस.

अर्ज मी स्वतः टाइप केला. माझ्या हातचा पहिला सरकारी कागद. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण तेवढ्या एका वेळी माझ्या कामी आली, कारण ती जागा अजून भरलेलीच नव्हती. चैत्राच्या तोंडावर पुन्हा बोलावणं आलं. मी एकटी गेले, अनवाणी. आता मघाशी म्हणाले ते सांगते. मी त्या बोर्डापुढं पाय ओढला. रोजच्यापेक्षा जास्त ओढला. गरज नसताना टेबलाचा कोपरा धरला, आणि परत येताना गुडघ्यावर हात दाबून वाकले. डॉक्टर दुसरे होते. त्यांनी विचारलं, "नेहमी अशीच चालतेस?" मी म्हणाले, "व्हय." ते पूर्ण खोटंही नव्हतं. दिवसभर राबून संध्याकाळी घागर घेऊन यायचे तेव्हा मी अशीच चालायचे, फक्त तेव्हा बघायला कुणी नसायचं. पण ती सकाळ होती आणि मी दमलेली नव्हते. पन्नासच्या वर टक्के मिळाले. मी तो कागद छातीशी धरून जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसून रडले. आनंदानं नाही. संतापानं. हक्काची वस्तू मला सोंग करून घ्यावी लागली, ती सोंगाशिवाय मिळावी अशी सोय तिथं नव्हती.

त्या संध्याकाळी तुम्ही फाटकावरून आलात आणि पहिलाच प्रश्न केलात, "सरळ चाललीस ना?"

मी म्हणाले, "व्हय आबा. सरळ चालले."

"मग दिलं कसं?"

"डॉक्टर चांगला व्हता. त्याला कळलं."

तुम्ही हसलात. कितीतरी दिवसांनी हसलात. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर आल्या-गेल्याला सांगायला लागलात की माझ्या पोरीनं सरळ चालून मिळवलंय, लंगडून नाय. मी रुजू झाले. अजिंठ्याचा बिजवर आणि ती वीस मेंढरं एकमेकांना मुकली.

नोकरीतलं सगळं सांगत बसत नाही. एक सांगते. पोलिओच्या डोसाची मोहीम सुरू झाली तेव्हा गावांच्या, वस्त्यांच्या याद्या माझ्या टेबलावर यायच्या. मेंढरांची बिऱ्हाडं कुठल्याच यादीत नव्हती. मी विचारलं तर आमचे डॉक्टर म्हणाले, "त्यांचा पत्ता काय लिहायचा?" मी त्यांच्यासमोर पेन उचललं आणि लिहिलं: पडेगावच्या पुढं, हरभऱ्याचं शेत, आज इथं, उद्या नाही. आणि म्हणाले, आजच जावं लागेल. जीपमध्ये बर्फाच्या डब्याशेजारी मी बसले. तिथं एक बाई पोराला डोस द्यायला तयार होईना, पोर धडधाकट आहे तर औषध कशाला म्हणे. मी वाद घातला नाही. तिला माझा पाय दाखवला, साडी पोटरीपर्यंत वर करून. तिनं पोराचं तोंड उघडलं. तुम्ही ते बघायला नव्हतात, वर्षही झालं नव्हतं तुम्हाला जाऊन.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाला नाव मिळालं. तुम्ही ते फाटकावरच्या रेडिओवर ऐकलंत आणि घरी येऊन एवढंच म्हणालात, "त्या गुडघेवाल्याला मिळालं म्हणायचं त्याचं नाव." वस्तीवर त्या दिवशी लोक ज्या सुरात बोलत होते त्या सुरात तुम्ही बोलला नाहीत, हे मी लक्षात ठेवलंय. त्यांनी एका नावासाठी किती वर्षं घातली, घरं जळाली, माणसं गेली. आमचं नाव मात्र कुणी न मागता बदललं. अपंग होतो, दिव्यांग झालो. एका कार्यक्रमात पाहुणे त्या शब्दावर फार गोड बोलत होते तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "साहेब, माझ्या पायात दिव्य काय आहे ते नंतर शोधू, आधी या इमारतीतली लिफ्ट सुरू करा." टाळ्या पडल्या. लिफ्ट बंदच राहिली. आता शहराचंही नाव बदललंय. जिना तोच आहे.

तर उद्याचं. मला सकाळी दहाची वेळ दिली होती. मी लेखी अर्ज करून शेवटची वेळ मागून घेतली आहे. कारण काय लिहिलं माहीत आहे? 'सकाळी मी बरी चालते.' साहेबांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, हे लिहू नका, तुमच्याच विरोधात जाईल." मी म्हणाले, जाऊ द्या. उद्या मी नेहमीसारखी कचेरीत जाणार, फायली घेऊन दोन मजले वर-खाली करणार, आणि मग दमलेली, आहे तशी बोर्डापुढं उभी राहणार. मान वर नाही आणि टेबलाचा कोपराही नाही. त्यांना म्हणणार, टेप काढा, मोजा, आणि मग विचारा की पस्तीस वर्षं ही बाई त्या कचेरीत कशी पोचली. बाजारातली चाल एकदा चालून झाली, भिकेची एकदा चालून झाली. दोन्ही माझ्या नव्हत्या. माझी चाल अजून कुठल्याच बोर्डानं पाहिलेली नाही, आणि ती बघून त्यांनी चाळीसच्या आत लिहिलं तर मी कोर्टात जाईन. पेन्शन अडली तरी जाईन. भीती वाटते, नाही असं नाही. पण तुमच्यावर गेलेय मी, काठी आपटल्याशिवाय राहणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. तुम्ही आज असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, तुमच्या खाटेशेजारी बसून, मोठ्यानं. आणि दुसऱ्या बोर्डाचा परिच्छेद आला की मी तो गाळला असता.